सनमायकाच्या ट्रॉल्यांना घरी रंग द्यायचा असेल तर आधी पकड बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डोंबिवलीतला फ्लॅट, अकरा वर्षांपूर्वी करून घेतलेल्या किचन ट्रॉल्या, वर-खाली मिळून बारा शटरं आणि आठ ड्रॉवर, सगळ्यांवर गडद चॉकलेटी सनमायका. स्वयंपाकघर अंधारं वाटतं. नवीन शटरांचं कोटेशन सव्वा लाखाचं आलं, म्हणून तुम्ही आणि मिस्टर मिळून घरीच पांढरा रंग द्यायचं ठरवताय. ऑइल पेंट चालेल का, प्राइमर लागतोच का, आणि गणपतीच्या आधी तीन दिवस जोडून सुट्टी आहे त्यात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी थेट उत्तरं देतो, मग कारणं सांगतो. घरी होतं, आणि नीट केलं तर काही वर्षं छान टिकतं. तीन दिवसांत मात्र होत नाही. गणपतीच्या आधी तर करूच नका. प्राइमर लागतोच, पण दुकानदार ‘लाकडाचा प्राइमर’ म्हणून जो पुढे करेल तो तुमच्या शटरांवर चालणार नाही. आणि रंग पांढरा हवा असेल तर ऑइल पेंट घेऊ नका.

मी चोवीस वर्षं ठाणे-कल्याण पट्ट्यात रंगकाम आणि फर्निचर पॉलिश करतोय. घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचा: कुठला रंग घेऊ? ट्रॉल्यांच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी यायला हवा. पहिला प्रश्न असा की रंग ज्यावर बसणार आहे ती वस्तू त्याला धरून ठेवेल का? सनमायका म्हणजे राळेत भिजवलेले कागदाचे थर, गरम करून प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. त्यात सगळ्यात वर मेलामाइनचा कडक, गुळगुळीत थर. आमटी सांडो, तेल उडो, शाई लागो, ओल्या फडक्याने पुसलं की साफ, यासाठीच तो थर बनवलेला असतो. म्हणजे ज्याच्यावर काहीच चिकटू नये म्हणून मेहनत घेतली आहे, त्याच्यावर आपल्याला रंग चिकटवायचाय. लाकूड रंग पिऊन घेतं, सनमायका एक थेंबसुद्धा पीत नाही. रंग तिच्यावर नुसता बसतो, आणि बसलेला माणूस कधीही उठू शकतो.

हे मी शिकलो ते एका घराचं काम बिघडवून. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्यातलं घर, गणपतीच्या आधीची घाई. सनमायकावर वरवर पॉलिश पेपर फिरवला, नेहमीचा वुड प्राइमर लावला, वर ऑइल पेंटचे दोन हात मारले. काम संपलं तेव्हा शटरात तोंड दिसत होतं. डिसेंबरात त्या काकूंचा फोन आला. जाऊन बघितलं तर शेगडीच्या वरच्या शटराच्या कडेला रंगाचा टवका उचलला होता. त्यांनी तो नखाने धरून ओढला आणि दुधावरची साय निघावी तसा हातभर पापुद्रा अख्खा सुटून आला. तो पापुद्रा मी उलटा करून बघितला. मागची बाजू काचेसारखी चकचकीत होती, म्हणजे प्राइमरने सनमायकाला धरलंच नव्हतं. आणि शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्यात पापुद्र्याच्या पाठीवर पिवळसर, बोटाला लागणारा चिकटा होता. फोडणीचं तेल. मी त्याच्यावरूनच रंग दिला होता. ते सगळं काम मी माझ्या खर्चाने पुन्हा करून दिलं, आणि त्या दिवसापासून धुण्याला आणि घासण्याला रंगापेक्षा दुप्पट वेळ देतो.

आधी शटर ओळखा

पुढचं सगळं तुमची शटरं नेमकी कशाची आहेत यावर अवलंबून आहे, आणि ते इथून मला दिसत नाही. एक शटर काढा आणि त्याची कड उजेडात बघा. समोरच्या थराच्या कडेला केसाएवढी गडद तपकिरी रेघ दिसली तर ती खरी सनमायका. ही रंगवता येते.

समोरच्या बाजूला कुठेच जोड नाही, पातळ प्लास्टिकचा कागद कडांवरून वळून मागे गेलाय आणि मागे सपाट पांढरी पाठ आहे, असं असेल तर ते मेम्ब्रेनचं शटर. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, असतो. शेगडीजवळच्या शटरांचा हा कागद उष्णतेने कोपऱ्यातून सुटतो. सुटलेल्या कागदावर रंग देऊ नका, कागदासकट जाईल. तो हीट गनने पूर्ण सोलून काढावा लागतो आणि मग उघड्या एमडीएफला रंग द्यायचा. त्यात एमडीएफच्या कडा स्पंजासारखं पाणी पितात, म्हणून कडांना प्राइमरचा एक जादा हात लागतो.

आरशासारखं चकचकीत अॅक्रिलिकचं शटर असेल तर घरी रंगवायच्या भानगडीत पडू नका.

आणि ज्यांच्याकडे कडप्प्याच्या ओट्याखाली सागवानी चौकट आणि जुनी रंगवलेली दारं आहेत, त्यांचं काम खरं तर सगळ्यात सोपं, कारण तिथे लाकूड आहे. त्यांच्यासाठी एकच गोष्ट जपून करायची. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद भागांच्या) वर नसावं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या रंगात, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. असा जुना थर कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, लहान मूल असेल तर मुळीच नको. वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा आणि निघालेला गाळ फडक्याने टिपून बाहेर टाका.

दुसरी तपासणी सिंकखाली करायची. शटराची खालची कड बोटांत धरून दाबा. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) असेल आणि पाणी लागून फुगला असेल तर कड जाड, भुसभुशीत लागेल. फुगलेला पार्टिकल बोर्ड कुठलाही रंग परत आत बसवू शकत नाही. तेवढी एक-दोन शटरं सुताराकडून नवी करून घ्या, प्लायचीच घ्या, आणि मग सगळी एकत्र रंगवा. अर्ध्याहून जास्त शटरं फुगली असतील तर मी तुम्हाला रंगाचा सल्ला देणारच नाही. तिथे सव्वा लाखाचं कोटेशन घासाघीस करून कमी करून घेणं बरं.

चिकटा

आता धुणं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळं काम यावर उभं आहे.

आपल्या स्वयंपाकघरात रोज दोनदा फोडणी पडते, आठवड्यातून एकदा काहीतरी तळलं जातं. तेलाची वाफ चिमणीत सगळी जात नाही. ती थंड झाली की वरच्या शटरांवर बसते, त्यावर धूळ बसते, आणि अकरा वर्षांत त्याचा एक थर होतो जो डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. दुसरी जागा हँडलच्या आजूबाजूची. तिथे हाताचं तेल, कणकेचं तेल, डोक्याला लावलेलं तेल, सगळं असतं.

क्रम असा ठेवा: आधी धुणं, मग घासणं. उलटं केलं तर पॉलिश पेपरने पाडलेल्या बारीक ओरखड्यांत तेल भरलं जातं आणि नंतर ते कशानेही निघत नाही. अर्धी बादली कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांडी घासायचा द्रव घाला. हातात रबरी मोजे घाला. भांड्याच्या स्पंजाची मऊ बाजू वापरा. अॅल्युमिनियमची प्रोफाइल (कडेच्या पट्ट्या) किंवा हँडलं असतील तर ती आधी काढून ठेवा, सोड्याने काळी पडतात. पहिल्या धुण्यात पाणी चहासारखं होईल. ते फेकून नवं घ्या. पाणी स्वच्छ राहीपर्यंत धुवा आणि शेवटी दोनदा साध्या पाण्याने पुसून घ्या, कारण सोडा मागे राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. शटर पाण्यात बुडवून किंवा नळाखाली धरून धुऊ नका, कडांतून पाणी आत जातं.

वाळल्यावर परीक्षा घ्या. शटर आडवं ठेवून ओल्या फडक्याने पुसा. पाण्याचा सलग पातळ थर राहिला तर तेल गेलं. पाणी तुटून थेंब थेंब झालं, तर त्या जागी अजून तेल आहे. शेगडीवरच्या शटरांना मला हे साधारण तीनदा करावं लागतं.

अजून एक शत्रू आहे, तो दिसतही नाही: सिलिकॉन. ओट्याच्या कडेला भरलेला सिलिकॉन सीलंट, फर्निचर चमकवायचे स्प्रे, बिजागरीत मारलेला वंगणाचा स्प्रे. याचा एक डाग राहिला तरी रंग तिथून मागे सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. आम्ही त्यांना माशाचे डोळे म्हणतो. ओट्याजवळचा सीलंट ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. धुऊन झाल्यावर संपूर्ण शटर थिनरने पुसा, आणि दर शटराला फडक्याची नवी घडी वापरा. एकच फडकं फिरवत राहिलात तर एका शटराचा डाग बाराही शटरांना लागेल.

थिनर वापरायचं म्हणजे गॅस बंद, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. बऱ्याच घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं, तेव्हा निरांजन किंवा समई तेवत नाही ना हेही बघा. शक्यतो हे काम गॅलरीत करा, आणि थिनरची फडकी बोळा करून घरात ठेवू नका, बाहेर पसरून वाळू द्या.

घासणं आणि प्राइमर

घासायला 180 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटचा हात 220 चा. लाकडाच्या एका गुळगुळीत ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे-उंचवटे राहतात. सनमायका जेमतेम एक मिलिमीटर जाड असते आणि तिचा वरचा नक्षीचा थर त्याहून खूप पातळ. तो थर काढायचा नाहीये, नुसती त्याची चमक मारायची आहे. कडांवर दाब देऊ नका, तिथे लगेच आतला तपकिरी कागद दिसायला लागतो. झालं की शटर खिडकीसमोर तिरकं धरा. जिथे जिथे उजेड लकाकेल तिथे पेपर लागलेला नाही. सगळं शटर पाटीसारखं मंद दिसलं पाहिजे. लाकडाच्या रेषांची खडबडीत सनमायका असेल तर रेषांच्या खोलात पेपर पोचत नाही, तिथे नायलॉनचा हिरवा घासणीचा कपडा चांगलं काम करतो. त्या रेषा रंगातूनही हलक्या दिसत राहतील, ते आधीच मान्य करून टाका.

टवके उडालेले कोपरे भरायचे असतील तर गाड्यांच्या डेंटिंगला वापरतात ती दोन भागांची पुट्टी घ्या. भिंतीची पुट्टी किंवा ‘लांबी’ (लाकडातल्या फटी भरायचं नेहमीचं भरण) इथे नको. शटर आपटलं की ती खपली होऊन पडते.

प्राइमर घेताना डबा हातात घेऊन वाचा. तो कशावर चालतो याच्या यादीत ‘लॅमिनेट’ (म्हणजे आपली सनमायका) हा शब्द स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. दुकानदार ‘सगळ्यावर चालतो’ म्हणाला, एवढं पुरेसं नाही. मी स्वतः दोन भागांचा इपॉक्सी प्राइमर वापरतो. एका डब्यात मूळ प्राइमर, दुसऱ्यात हार्डनर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मोजून मिसळायचं, अंदाजाने नाही. मिसळल्यावर काही तासांत तो वापरून संपवावा लागतो, उरलेला डब्यातच दगड होतो, म्हणून सहा शटरांपुरताच मिसळा. वर कोणता रंग, किती वेळाने चालेल हेही त्याच डब्यावर असतं. शक्य असेल तर प्राइमर आणि रंग एकाच कंपनीचे, एकमेकांवर चालतात असं लिहिलेले घ्या. प्राइमर वाळल्यावर 320 नंबरने अगदी हलका हात फिरवायचा आणि धूळ ओलसर फडक्याने टिपायची. इपॉक्सीचा वास उग्र असतो, कापडी मास्कने अडत नाही. रसायनांच्या वाफेसाठी मिळतो तो काडतुसाचा मास्क घाला, आणि घरात दम्याचा पेशंट असेल तर हे काम घराबाहेर होईल अशीच व्यवस्था करा.

आता सगळ्यात महत्त्वाची विनंती. बाराही शटरं एकदम रंगवायला घेऊ नका. आधी एकच शटर करा, सिंकखालचं. पाणी, ओला हात, पायाचा धक्का, कचऱ्याचा डबा, सगळ्यात जास्त मार तेच खातं. धुणं, घासणं, प्राइमर, रंगाचे तीन हात, सगळं पूर्ण करा. सात दिवस वाळू द्या. मग कोपऱ्यात नव्या ब्लेडने एक-दोन मिलिमीटरच्या अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या बारीक चिरा द्या, चौकटी पडतील अशा. त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. चौकटी जागच्या जागी राहिल्या तर तुमचा प्राइमर, तुमचं धुणं, सगळं बरोबर. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर तुमचं एकच शटर वाया गेलं, बारा नाहीत. दुसरा प्राइमर आणून पुन्हा करून बघा. मी नव्या कंपनीचा प्राइमर वापरतो तेव्हा आजही ही परीक्षा घेतो.

कुठला रंग

ऑइल पेंट कडक होतो, पुसायला चांगला, वर्षानुवर्षं आपण तोच वापरत आलो. पण पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो, आणि जिथे उजेड कमी तिथे लवकर पडतो. तुमचं स्वयंपाकघर मुळातच अंधारं आहे. दोन वर्षांत तो पिवळट दिसायला लागेल. गडद हिरवा किंवा निळा हवा असता तर मी ऑइल पेंटला हो म्हटलं असतं. पांढऱ्यासाठी पाण्यात पातळ होणारा इनॅमल घ्या. तो पिवळा पडत नाही, वास कमी, दुसरा हात त्याच दिवशी मारता येतो. त्याची एकच उणीव आहे: हाताला लवकर कोरडा लागतो पण आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तेवढे दिवस त्याला जपावं लागतं.

ड्यूको (गाड्यांसारखा फवारून द्यायचा रंग) आणि पीयू (पॉलियुरेथेनचा रंग) यांबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून लिहितो. दोन्हीचं काम देखणं होतं, पण ते स्प्रे गनचं आणि वर्कशॉपचं काम आहे. दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट आहेत. घरात ते फवारू नका.

चमक निवडताना हळद लक्षात ठेवा. मासिकात दिसणारी मॅट पांढरी शटरं आपल्या स्वयंपाकघरासाठी नाहीत. मिसळणाच्या डब्यातून हळद घेतलेला हात हँडलजवळ लागला की मॅट रंग तो डाग आत ओढून घेतो आणि पुसून फक्त पसरतो. सॅटिन किंवा सेमी ग्लॉस घ्या, त्यावरची हळद लगेच पुसली तर जाते. फिकट डाग राहिलाच तर शटर खिडकीच्या उन्हात येत असेल तर बघा, हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो, आपल्या साड्यांवरून उडतो तसाच. माझा स्वतःचा सल्ला असा की वरची शटरं पांढरी करा आणि ओट्याखालची राखाडी किंवा खाकी छटेची. स्वयंपाकघर तेवढंच उजळ दिसतं आणि खालच्या शटरांवरचे शिंतोडे रोज डोळ्यांत खुपत नाहीत.

किती लागेल? दोन फूट बाय दीड फुटाचं एक शटर म्हणजे तीन चौरस फूट. बारा शटरांचे छत्तीस, आठ ड्रॉवरचे अकरा-बारा, दिसणाऱ्या बाजू आणि कडा धरून साठ चौरस फूट. चॉकलेटीवर पांढरा बसवायला तीन हात लागतील, म्हणजे एकशे ऐंशी चौरस फूट. एक लिटर एका हाताला साधारण सव्वाशे चौरस फूट जातो, तेव्हा दीड लिटर रंग आणि एक लिटर प्राइमर पुरेल. दोन रंग करणार असाल तर त्याप्रमाणे वाटून घ्या. शटरांच्या पाठीवर बहुतेक ट्रॉल्यांत पांढरट पातळ सनमायका असते, ती स्वच्छ पुसून तशीच ठेवा. आतल्या खणांनाही रंग देऊ नका. पीठ, रवा, चहा बंद जागेत रंगाचा वास फार पटकन धरतात.

गणपतीच्या आधी का नको

मी पावसाळ्यात ट्रॉल्यांचं काम घेतच नाही. हवेत ओल असली की पाण्याचा रंग वाळत नाही, ऑइल पेंट चार-चार दिवस बोटाला चिकटत राहतो आणि ड्यूकोवर पांढरा धूसर पडदा येतो. हवा मोजायला यंत्र नको. बरणीतलं मीठ ओलसर होऊन चमच्याला चिकटत असेल, उघडा ठेवलेला पापड तासाभरात मऊ पडत असेल, तर रंगाचा डबा उघडू नका. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांची अडचण उलटी असते. मे महिन्यात तिकडे रंग रोलरखालीच सुकतो आणि पट्टे उठतात. त्यांनी सकाळी नऊच्या आत काम करावं किंवा सरळ थंडीपर्यंत थांबावं.

तुमच्यासाठी मी दिवाळीनंतरचे दिवस सुचवेन. दिवाळीच्या आधी ऑक्टोबरात हवा कोरडी होते खरी, पण मग चकल्या आणि शंकरपाळे तळायला लागतात तेव्हा रंग अजून कच्चा असतो, आणि कच्च्या रंगावर तेलाची वाफ बसली की ती कायमची आत मुरते. दिवाळी आटपली, पाहुणे गेले की सुरू करा. कोरडी, थंड हवा, आणि पुढे महिना-दीड महिना मोठं तळण नाही. गणपतीसाठी आत्ता एवढंच करा: सगळी शटरं वर सांगितल्याप्रमाणे सोड्याने धुऊन घ्या. अकरा वर्षांचा चिकटा गेल्यावर चॉकलेटी रंगही बराच उजळ दिसेल. आणि सिंकखालचं एक शटर काढून नवरात्रानंतर, कोरडं ऊन पडायला लागलं की, त्यावर चाचणी करा.

प्रत्यक्ष काम

दोन टप्प्यांत करा, म्हणजे स्वयंपाक बंद पडत नाही. आधी वरची सगळी शटरं, ती परत बसली की खालची. प्रत्येक टप्प्याला एक शनिवार-रविवार आणि मधल्या तीन-चार संध्याकाळी लागतील.

शटर काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येकाला नंबर द्या. नंबर बिजागरीच्या गोल खाचेत पेनने लिहा, तिथे रंग लागत नाही आणि तो पुसला जात नाही. चिकटपट्टीवर लिहिलेले नंबर धुताना निघून जातात, आणि मग बारा सारखी शटरं कुठली कुठे हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. बिजागरी आणि स्क्रू शटरागणिक वेगळ्या पिशवीत ठेवा. बिजागरी रंगवू नका.

शटर आडवं ठेवून रंगवा. गॅलरीत वर्तमानपत्र, त्यावर पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं, त्यावर शटर. उभं ठेवलं तर रंगाचे ओघळ येतात. कडा आधी दीड इंची ब्रशने, मग सपाट भाग चार इंची फोमच्या रोलरने. रोलर ट्रेवर नीट निथळून घ्या. शेवटी कोरड्या होत आलेल्या रोलरने वरून खाली, दाब न देता, एका दिशेने एकदा फिरवा आणि हात काढून घ्या. थोडं कमी भरल्यासारखं वाटलं तरी परत जाऊ नका. अर्धवट सुकलेल्या रंगावर फिरवलेला रोलर संत्र्याच्या सालीसारखे ठिपके उठवतो. पहिला हात नेहमी वाईट दिसतो, खालची चॉकलेटी डोकावत असते. तो जाड लावून झाकायचा मोह होतो, तिथेच बरीच कामं बिघडतात. तीन पातळ हात एका जाड हाताला कायम भारी. प्रत्येक हातामध्ये 320 चा हलका पेपर आणि ओलसर फडकं.

परत बसवायची घाई करू नका. शेवटच्या हातानंतर निदान तीन दिवस शटरं बाहेर राहू द्यात. स्क्रू जुन्या भोकांत सैल फिरत असतील तर भोकात फेविकॉल लावलेली आगकाडी ठोकून कापा आणि मग स्क्रू पिळा. शटर जिथे खोक्याच्या कडेला टेकतं तिथे छोटी रबरी बटणं चिकटवा, नाहीतर ताजा रंग ताज्या रंगाला धरतो आणि उघडताना टवका निघतो. पहिला महिना फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी कधीच नको. शेगडीच्या दोन्ही बाजूंची शटरं रोज रात्री ओटा पुसताना पुसली गेली तर उत्तम, कारण रंग पहिल्यांदा तिथेच थकतो. दोन-तीन वर्षांनी तेवढीच दोन शटरं काढून पुन्हा एक हात द्यावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

त्यासाठी उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आतल्या हवेने त्यावर साय धरते. लोणच्याची छोटी काचेची बरणी घासून पूर्ण कोरडी करा, रंग तोंडापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, आणि वर रंगाचं नाव, छटेचा नंबर आणि तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात ठेवा. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या फळीवर.